पत्रादेवीपलीकडची दुर्बीण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो रागातच. सौ. म्हणाली, "ब्लॉगवर लिहून कर कमी होणार आहे का?" नाही होणार. पण माझं भांडण कर किती, याबद्दल नाहीच. ऐका तर खरं.

जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण वेड आकाशाचं. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा बघायला दुर्बीण मिळाली नाही. ती चुटपूट मनात राहिली आणि पुढे मी स्वतःच आरसे घासायला शिकलो. सहा इंची दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि एक काच दुसरीवर घासत बसायचं. पूड हळूहळू बारीक करत न्यायची. मग सिरियम ऑक्साइडनं चकाकी आणायची आणि शेवटी ब्लेडची धार व एक दिवा घेऊन काचेची वक्रता तपासायची. कित्येक आठवड्यांचं काम. निवृत्तीनंतर अशा दहा-बारा दुर्बिणी करून दिल्या. पैसे घेतले ते काचेचे, पाइपचे आणि आरशावर मुलामा देऊन आणण्याचे. मजुरी कधीच लावली नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. "सर, आमच्या पोरांसाठी एक दुर्बीण करून द्या. शाळा नऊ हजार देते, फक्त बिल लागेल." आमच्या सावंतवाडीपासून बांदा, बांद्यापुढे पत्रादेवी, की लागला गोवा. मी लगेच हो म्हटलं.

बिल कसं करायचं म्हणून भाच्याला विचारलं. तो करसल्लागार आहे (आणि हा ब्लॉग वाचतो, म्हणून जपून लिहितो). तो म्हणाला, "मामा, त्यासाठी तुम्हाला जीएसटीची नोंदणी करावी लागेल."

"अरे, ४० लाखांपर्यंत नोंदणी नको ना?"

"ती सवलत राज्यातल्या राज्यात. वस्तू राज्याबाहेर विकली की पहिल्या रुपयापासून नोंदणी."

म्हणजे बघा, हीच दुर्बीण महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला गोंदियाला विकली तर मी निर्धास्त. तासाभरावरच्या पेडण्याला विकली की मी व्यापारी!

"पण मी धंदा कुठे करतोय? नफासुद्धा घेत नाही," मी म्हटलं. त्यावर त्यानं कायद्यातली व्याख्याच वाचून दाखवली. नफा असो वा नसो, व्यवहार एकदा होवो वा रोज, तो 'व्यवसाय'च. लहान व्यापाऱ्यांसाठी सोपी कंपोझिशन योजना आहे म्हणतात, पण राज्याबाहेर माल विकणाऱ्याला तीही नाही. एकदा नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी दर महिन्याला नाहीतर तिमाहीला विवरणपत्रं भरायची. शून्याचं विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला २० रुपये, एका विवरणपत्राला ५०० पर्यंत. नोंदणी रद्द केली तरी शेवटचं म्हणून आणखी एक विवरणपत्र. एका दुर्बिणीसाठी!

आता खरी गंमत. हाताने केलेल्या ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. २० लाखांच्या आत विक्री असेल तर त्या नोंदणीशिवाय राज्याबाहेर विकता येतात. त्या वस्तूंच्या २०१८ च्या यादीत आमच्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा नावानिशी उल्लेख आहे. त्याचा मला आनंदच आहे, चितारआळीतल्या कारागिरांना ही सूट हवीच. पण माझ्या घरी लाकडी बैल झाला तर ती कला, आणि दुर्बीण झाली तर तो माल? घासणारे हात तर तेच आहेत.

कुणी म्हणेल, सूट दिली तर मोठे व्यापारी लहान-लहान नावांनी माल सीमेपार पाठवून कर बुडवतील. ही भीती खोटी नाही. पण सेवा राज्याबाहेर पुरवणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ पासून २० लाखांपर्यंत नोंदणीतून मोकळीक आहे. म्हणजे घरी बसून गोव्यातल्या दुकानासाठी जाहिरातीचं चित्र काढून दिलं तर चालतं. सेवांच्या बाबतीत ती भीती आवरता आली, मग वस्तूंच्या बाबतीत का नाही? नोव्हेंबर २०२५ पासून लहानांना तीन दिवसांत नोंदणी मिळण्याची सोय झाली, असंही भाचा म्हणतो. पण दार लवकर उघडतं, म्हणून ज्याला आत जायचंच नाही त्याला का ढकलता?

माझं मागणं अगदी लहान आहे. स्वतःच्या हातानं घरी केलेली वस्तू, मग ती कोणतीही असो, वर्षाला दोन लाखांपर्यंत देशात कुठेही विकायला नोंदणी नको. बिलावर पॅन घाला, माझी हरकत नाही. दोन लाखांच्या आड कुठला मोठा व्यापारी लपणार आहे? उलट आज अशी माणसं एकतर बिल देत नाहीत किंवा वस्तू करणंच सोडतात. सरकारला यातलं काय हवंय?

मी काय केलं? दुर्बीण भेट दिली. मोबदला घेतला नाही तर कायद्याची हरकत नाही. पेन्शनमधले नऊ हजार गेले, त्याचं दुःख नाही. पोरांनी शनीची कडी पाहिली आणि गुरुजींच्या फोनवरून माझ्याशी सगळी एकदमच बोलली!

पण परवा डिचोलीच्या एका शाळेचा फोन आला. ती पोरंही तशीच असतील. पेन्शनीतून दुसरी दुर्बीण मला झेपणार नाही, म्हणून नाही म्हटलं. शिक्षकाच्या तोंडून शाळेला 'नाही' गेलं, ते मात्र अजून सलतंय. घासायच्या दोन काचा फडताळात तशाच पडून आहेत.

असो. तुमच्यापैकी कुणी घरी काही घडवून राज्याबाहेर पाठवत असेल तर आपला अनुभव जरूर कळवा. आणि भाच्या, कायद्यात माझं काही चुकलं असेल तर फोन कर, पण मागणी चुकीची आहे असं मात्र सांगू नकोस.