दोन सुगरणी

भिवंडी तालुक्यातील मुलांना विणकाम म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. यंत्रमागांचा खडखडाट त्यांच्या ओळखीचा असतो. पण आपल्याकडे विजेशिवाय, केवळ चोचीने विणणारा एक कारागीर आहे. उर्दूत त्याला 'बया' म्हणतात, तर मराठीत 'सुगरण'. सुगरण म्हणजे उत्तम स्वयंपाक करणारी बाई. गंमत अशी, की या पक्ष्यांत घरटे विणतो तो नर! डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे बयाचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले, तरच तो ते पूर्ण करतो.

या बयाचा एक जवळचा भाऊबंद आहे. त्याला आपण 'रेघांची सुगरण' म्हणू. विणीच्या काळात दोन्ही नरांचा माथा पिवळाधमक होतो. मात्र बयाची छाती साफ पिवळी असते आणि दुसऱ्याच्या छातीवर काळसर रेघा असतात. घरेही निराळी. बया ताडावर, शिंदीवर किंवा बाभळीवर लांब नळीचे घरटे टांगतो. रेघांची सुगरण पाणथळ जागेत राहते. तिथल्या पाणकणसाची उंच पाती एकत्र गुंफून त्यांत ती घरटे करते.

एवढासा फरक कशाला लक्षात ठेवायचा, असे कोणी विचारील. माझ्या मते तो लक्षात ठेवलाच पाहिजे. पाणथळ जागेवर भराव टाकून गोदाम उभे राहिले, तर रेघांची सुगरण तिथून नाहीशी होईल. ताडावरची घरटी मात्र तशीच झुलत राहतील. ती पाहून आपण म्हणू, "सुगरण तर आहे!" एक कारागीर गाव सोडून गेला, हे आपल्याला कळणारही नाही.

गोदामांमुळे अनेक घरांची चूल पेटते, हे खरे आहे. म्हणून ती नकोत, असे मी म्हणणार नाही. पण भराव टाकण्याआधी तिथे कोण राहते, हे पाहायला काय हरकत आहे? शिवाय पावसाचे पाणीही अशाच जागी साठते. ती बुजवली, तर ते पाणी आपल्या दारात येईल.

मुलांनो, कापडाला हात लावताच ते सुती की पॉलिस्टर, हे तुमच्यापैकी कित्येकांना सांगता येते. तशीच नजर पाखरांसाठीही हवी. येत्या पावसाळ्यात अकलोलीला तानसेच्या काठी गेलात, तर घरट्यांना हात न लावता दुरूनच पाहा. घरटे झाडावर आहे की पाणकणसात? छाती साफ आहे की रेघांची? जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोण आले नाही, हे ती वहीच सांगेल.