पाणीसुद्धा नाही?

रमजान सुरू झाला की कचेरीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर हा प्रश्न ठरलेला. ‘पाणीसुद्धा नाही? चहा तरी घ्या!’ विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. त्याच्या घरी उपवासाला साबुदाण्याची खिचडी असते, वरीचे तांदूळ असतात आणि चहा तर हवाच. त्यामुळे ‘रोजा म्हणजे आमचा उपवास’ असे सांगून मोकळा होणारा मुस्लिम मित्रच खरे तर घोटाळा करून ठेवतो. ‘निर्जळी’ हा अस्सल मराठी शब्द त्याने वापरला, तर पुढचे काही समजावून सांगावे लागणार नाही.

वेळेचेही तसेच. ‘सातला या’ म्हटले की साडेसातला पोहोचायचे, हा साऱ्या गावाचा शिरस्ता, त्यात धर्माचा भेद नाही. इफ्तारला मात्र मगरिबची वेळ झाली की खजूर तोंडात जातो, पाहुण्यासाठी थांबत नाही. निमंत्रण देतानाच ‘अजानच्या दहा मिनिटे आधी या’ म्हणावे.

अवघड प्रश्न निराळाच आहे. एखादी शिक्षिका मधल्या सुट्टीत डबा उघडते आणि चारचौघांत कोणीतरी विचारते, ‘आज रोजा नाही का?’

आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनानेच दिली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही सवलत आहे. मासिक पाळीत तर रोजा ठेवायचाच नसतो. ते दिवस रमजाननंतर भरून काढायचे. आता हे ती स्टाफरूममध्ये कसे सांगणार? ती डबा बंद करते आणि रोजा नसतानाही उपाशी राहते. कित्येक मुस्लिम घरांतही सासरे-दिरांच्या नजरेआड, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन घास उरकले जातात. तेव्हा दोष फक्त परक्यांचा नाही.

सत्यनारायणाच्या पूजेला न आलेल्या मैत्रिणीला कोणी खोदून विचारत नाही. ‘अडचण आहे’ म्हटले की विषय संपतो. ही समज मराठी बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त रमजानात ती आठवत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने आपलाही डबा उघडावा, लोणचे पुढे करावे. विचारायचेच असेल, तर कैऱ्या कुठून आणल्या ते विचारावे.