डबी वेगळी, दारू एकच

चकमकीची बंदूक नव्याने हाती घेणाऱ्याने रंजकेची डबी वेगळी बाळगावी, पण त्या डबीत नळीत घालतो तीच दारू भरावी. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या रेंजवर मी हेच शिकवते आणि त्यावरून दर वर्षी वाद होतो. रंजक पिठासारखी बारीकच हवी, तिचा डबा निराळाच घ्यायचा, ही जुन्या नेमबाजांची रीत आहे. त्यांच्या सरावलेल्या हातांतून काही बिघडत नाही, हेही मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो ही रीत पहिल्याच दिवशी नवख्याच्या गळ्यात बांधण्याला.

मी सिंधुदुर्गातली. काजूच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिला टोपी लावायची, चाप ओढला की घोडा टोपीवर आपटायचा आणि बार निघायचा. इथल्या बंदुकीला टोपी नाही. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गार आवळलेली असते. ती समोरच्या पोलादी झडपेवर घासली की झडप उघडते आणि ठिणग्या खालच्या पॅनमध्ये पडतात. पॅनमधली चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, पेटते. तिची धग नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून, बंदुकीच्या कानातून, आतल्या दारूपर्यंत जाते. हा कान जेमतेम एक सोळांश इंचाचा असतो. तो काजळीने बुजला किंवा रंजक ओलावली, की पॅन भकदिशी उजळतो आणि बार आतच राहतो.

काळ्या दारूच्या दाण्यांचे आकार ‘एफ’ने मोजतात. एफ जितके जास्त, दाणा तितका बारीक. पन्नास कॅलिबरच्या रायफलीत तीन एफ चांगली चालते, आणि चार एफ ही खास रंजकेची समजली जाते. चार एफ लवकर पेट घेते, यात वाद नाही. पण तीन एफसुद्धा पॅनमध्ये इतकी झटपट पेटते, की गार धारदार आणि कान मोकळा असेल तर माझ्या खांद्याला फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो रंजक किती आणि कशी घातली याचा. पॅन अर्ध्याहून कमी भरावा. कानावर ढीग रचला तर तो वातीसारखा जळत आत जातो, बार रेंगाळतो आणि तेवढ्यात नेम हलतो.

आता धोका. मापात तेवढीच चार एफ घेऊन चुकून नळीत ओतली, तर ती जास्त वेगाने जळते आणि नळीतला दाब वाढतो. दोन्ही दारू काळ्याच. जानेवारीच्या थंडीत, बधिर बोटांनी, एका खांद्याला लटकणाऱ्या दारूच्या दोन शिंगांमधून योग्य ते शिंग उचलण्याची जबाबदारी नवख्यावर टाकायची कशासाठी? हिशेबही पाहा. एका पौंडात 7000 ग्रेन असतात आणि एका खेपेच्या रंजकेला सुमारे तीन ग्रेन पुरतात. म्हणजे पौंडाच्या एका डब्यात दोन हजारांहून जास्त बार. इथे काळी दारू टपालाने पाठवता येत नाही. कुरिअरने मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं. हौस टिकेल की नाही हेही ज्याला अजून माहीत नाही, त्याला हा दुसरा डबा घ्यायला लावणं मला पटत नाही.

जुनी मंडळी परंपरेचा दाखला देतात तेव्हा मी त्यांना अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पायदळाची आठवण करून देते. शिपाई कागदी काडतूस दातांनी फाडायचा, थोडी दारू पॅनमध्ये टाकायचा आणि उरलेली नळीत ओतायचा. दारू एकच, डबीही नाही. त्याच्या पट्ट्याला एक छोटा ब्रश आणि तारेची टोचणी मात्र लटकत असे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदी पलटणींनाही हीच कवायत शिकवली गेली. त्यांचा क्रम मात्र आज आम्ही पाळत नाही. आमच्याकडे आधी नळी भरायची, गोळी ठासायची, ठासणीचा गज बाहेर काढायचा आणि अगदी शेवटी, तोंड निशाण्याकडे असताना, रंजक घालायची.

मग डबी तरी वेगळी कशाला? कारण बार काढण्याच्या जागी दारूचं मोठं शिंग उघडं असता कामा नये. बंदूक उडते तेव्हा कानातून आडवी ज्वाळा निघते. उजव्या हाताच्या बंदुकीची ज्वाळा थेट उजवीकडच्या शेजाऱ्याच्या दिशेने जाते. तिथे तो अर्धा पौंड दारूचं शिंग तिरपं करून पॅन भरत असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच शिंगातून थेट नळीतही ओतू नये. आधी मापात घ्यावी, शिंगाला बूच लावावं, मगच ओतावी, कारण आधीच्या बाराची ठिणगी नळीत धुमसत असू शकते. रंजकेसाठी पितळेची बोटाएवढी डबी मिळते. तिची नळी पॅनवर दाबली की चिमूटभर दारू पडते, सोडली की तोंड आपोआप बंद होतं. ती मी दोरीने गळ्यात घालून कोटाच्या आत ठेवायला सांगते.

डबीइतकीच मला टोचणी मोलाची वाटते. पितळेची तार, टोक किंचित बोथट. प्रत्येक बारानंतर ती कानातून फिरवायची, ब्रशने पॅन झाडायचा, कोरड्या फडक्याने गार आणि झडप पुसायची. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते. दमट दिवशी पॅनमध्ये बघता बघता काळा चिखल होतो आणि वर घातलेली नवी रंजकही त्यात भिजते. रानात उभं राहायचं असेल तर रंजक अधूनमधून झाडून नवी घालावी आणि घोडा, झडप आणि पॅन असलेल्या भागावर, म्हणजे लॉकवर, मेणचटलेलं चामडं बांधावं. बार नाही निघाला, तर बंदुकीचं तोंड पूर्ण मिनिटभर निशाण्याकडेच ठेवावं. कधी कधी बार उशिरा निघतो.

दारू न घालताच गोळी ठासली गेली, तर ती उडवून बाहेर काढण्यासाठी चार एफ कानातून आत सरकवणं सोपं जातं, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. पण टोचणीने हळूहळू तीन एफही जाते. थोडा वेळ लागतो, इतकंच.

नवख्यांची खरी फसगत होते ती दुकानात. खरी काळी दारू कायद्याने स्फोटक ठरते. ती साठवण्याचे नियम कडक असल्याने अनेक दुकानं ती ठेवतच नाहीत आणि पायरोडेक्ससारखा पर्याय हातात देतात. ते पर्याय टोपीच्या बंदुकीत चालतात, पण त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते. चकमकीच्या पॅनमध्ये ते दगा देतात. मग माणूस बंदुकीला नावं ठेवतो आणि विकून टाकतो. ही हळहळ मला दर हिवाळ्यात वाटते. पंच्याहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक या जुन्या मिश्रणाला इथे अजून तोड नाही. शेजारच्या डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी द्यू पाँ यांनी 1802 मध्ये दारूचा कारखाना उभा केला. तिथे हिंदुस्थानातला सोराही येत असे. ती जागा आज हॅगली संग्रहालय म्हणून पाहता येते. इथल्या मराठी कुटुंबांनी मुलांना तिथे जरूर न्यावं.

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा चकमकीचा खास हंगाम 1974 पासून आहे. तो सहसा नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि त्यात टोपीची बंदूक चालत नाही. त्याआधीच्या शिकवणी वर्गासाठी मी आमच्या क्लबापुढे प्रस्ताव ठेवला आहे. क्लबाने खरी तीन एफ सगळ्यांसाठी एकत्र मागवावी. रेंजवर प्रत्येक बंदुकीला कानातली आडवी ज्वाळा अडवणारा फ्लॅश गार्ड सक्तीचा करावा. प्रत्येक नवख्याला एक शिंग, एक माप, एक डबी, टोचणी, ब्रश आणि फडकं एवढंच द्यावं, आणि पहिला तास रिकाम्या बंदुकीवर फक्त या वस्तू हाताळण्यात घालवावा. चार एफचा डबा ज्याला हवा त्याने पुढच्या वर्षी स्वतःच्या पैशांनी घ्यावा. तोवर त्याला टोचणी कधी फिरवायची हे कळलेलं असेल आणि तो डबा हवा की नको, हे त्याचं त्यालाच ठरवता येईल.