महिन्याचे जर्मन वाणसामान

मराठी मध्यमवर्गीय माणूस दोन याद्या फार मनापासून करतो. एक वाणसामानाची आणि दुसरी वाचायच्या पुस्तकांची. फरक इतकाच, की पहिल्या यादीतले सामान घरात येते आणि संपतेसुद्धा.

२०११ पासून जगातले काही हौशी वाचक नोव्हेंबर महिना जर्मन साहित्यासाठी राखून ठेवतात. ही लाट वाशीची खाडी ओलांडून आमच्या नवी मुंबईतही आली. ओळखीच्या मंडळींनी चंगच बांधला, तीस दिवस फक्त जर्मन! 'किती?' हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला निघाला. 'कोणती?' हा दुसऱ्या चहानंतर. 'कशासाठी?' हा निघालाच नाही. माझे भांडण आहे ते या तिसऱ्या प्रश्नाच्या गैरहजेरीशी.

पहिला पक्ष आकडेवाल्यांचा. एकजण म्हणाले, "मी पाच वाचणार." लगेच दुसरे म्हणाले, "मग माझी सात लिहा." आता टार्गेट म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला कोणी शिकवू नये. ३१ मार्चला आलेली ठेव एप्रिल उजाडताच आल्या पावली परत जाते. तीस दिवसांत कोंबलेली सात पुस्तकेही १ डिसेंबरला अशीच डोक्यातून निघून जातात. हा पक्ष पुस्तक निवडतो ते जाडी पाहून. काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' (१९१५) यादीत सर्वांत वर. का? तर बारीक आहे! त्यातला माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन, आणि तशाही अवस्थेत त्याला चिंता कसली, तर कामावरची गाडी चुकल्याची. रोज नेरूळहून हार्बर लोकल पकडणाऱ्याने हे वाचून निदान आठ दिवस गप्प बसायला हवे. आमचे गृहस्थ जाताना ती संपवतात आणि येताना पुढचे पुस्तक उघडतात.

दुसरा पक्ष थोरामोठ्यांचा. यांची सुरुवात गटेच्या 'फाउस्ट'पासूनच होते. ज्या गटेने आपले शाकुंतल डोक्यावर घेतले, त्याचे ऋण फेडायला नको का? जरूर फेडावे. पण त्याने ते नाटक मध्ये मध्ये थांबत सुमारे साठ वर्षे लिहिले. दुसरा भाग छापून आला तो १८३२ साली, तो गेल्यावर. साठ वर्षांचा ऐवज आपण पंधरवड्यात वटवायला निघायचे, हा व्यवहार कुठल्या काउंटरवर चालतो?

तिसरा पक्ष सर्वांत जोरात बोलतो. "मराठी वाचून संपलं वाटतं, म्हणून जर्मन?" अहो, जर्मन मंडळी कधीच आपल्या ओसरीवर येऊन बसली आहेत! टिळक मंडालेच्या तुरुंगात जर्मन शिकले. पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) ब्रेख्तच्या १९२८ सालच्या नाटकावरचा. व्यंकटेश माडगूळकरांचे 'देवाजीने करुणा केली' आणि खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' हीसुद्धा ब्रेख्तचीच भाचरे. उलट टोमास मानने १९४० साली आपल्या वेताळाची, डोक्यांची अदलाबदल होणारी गोष्ट उचलून तिची जर्मन कादंबरी केली. देणेघेणे असे शतकभर चालू आहे. मध्येच खाते गोठवणारे आपण कोण?

मग निवडायचे कसे? मी म्हणतो, परकी पुस्तके आपापल्या धंद्यावरून निवडावीत. थोरवी नंतर आपोआप कळते. बँकेतल्या माणसाने काफ्काची 'द ट्रायल' (१९२५) घ्यावी. तिचा नायक बँकेतला अधिकारी. तिसाव्या वाढदिवशी सकाळीच त्याला अटक होते, आणि आरोप काय ते शेवटपर्यंत कळत नाही. ज्याला कधी 'खुलासा सादर करावा' असा कागद आला आहे, त्याला वेगळी प्रस्तावना नको. लिहिणारा काफ्काही प्राग शहरात कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत फायली उपसत होता.

आणि वाशीच्या धान्यबाजारातल्या व्यापाऱ्यांनी घ्यावी मानची 'बुडेनब्रूक्स' (१९०१). पंचविशीतल्या पोराने लिहिलेली, चार पिढ्यांची कादंबरी. प्रकाशकाने निम्मी कापायला सांगितली, हा पठ्ठ्या ऐकला नाही; १९२९ चे नोबेल मिळाले ते मुख्यतः हिच्यासाठीच. घराणे कुणाचे? धान्याच्या व्यापाऱ्यांचे! त्यातला एक शेटजी उभे पीक आगाऊ विकत घेतो आणि गारपीट होते. हे समजायला जर्मन कशाला यायला हवे? लासलगावचा माणूससुद्धा पुढचे पान न उलटता सांगेल.

त्याच पुस्तकात घराण्याची एक वही आहे. जन्म, लग्ने, मृत्यू, सगळे तिच्यात नोंदलेले. घरातले शेवटचे पोर एक दिवस आपल्या नावाखाली पट्टी धरून दोन रेघा ओढते. बाप ओरडतो, तर पोर चाचरत सांगते, की मला वाटले, आता पुढे काही यायचे नाही. हिशेब संपला की दोन रेघा, हे कॉमर्सच्या पोराला अकरावीत शिकवतात. एखादे घराणे तसे संपते, हे मात्र कुठल्या बुककीपिंगच्या पुस्तकात नाही. जो पाच-सातच्या घाईत हे पान ओलांडतो, त्याची पाच जमा धरली तरी शिल्लक शून्य.

आता थोडी आकडेमोडच करू. पंचेचाळिशीच्या नोकरदाराने नीट, रेंगाळत वाचायचे म्हटले तर वर्षाला चार पुस्तके धरू. डोळे सत्तरीपर्यंत साथ देतील हेही धरू. म्हणजे शंभर पुस्तके. बस्स! या खात्यात भरणा करता येत नाही, फक्त काढता येते. त्यातली सात एका नोव्हेंबरात शर्यतीसाठी उडवणाऱ्याला मी कर्जसुद्धा मंजूर करणार नाही.

तेव्हा आमच्या मंडळींच्या वहीत माझ्या नावापुढे एकच पुस्तक मांडावे. ते नोव्हेंबरात संपले नाही तर डिसेंबर आहेच, आणि डिसेंबर जर्मन नाही म्हणून कोणी व्याज लावणार नाही.