यजमानाचे खेळाडू : १९५१ ची दिल्ली, २०३० चं अहमदाबाद आणि आपल्या तालुक्याचं कुलूप

पोस्ट लांब आहे. पण खेळावर प्रेम असेल, किंवा घरात एखादं धावणारं, पोहणारं, कुस्ती खेळणारं पोर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

२०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार हे नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोत पक्कं झालं. त्यापुढे २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही आपली धडपड चालू आहे. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एकच सूर आहे : "आता बघा, आपल्या घरी स्पर्धा, पदकांचा पाऊस पडणार!" पाऊस पडेलही. आपल्या घरी स्पर्धा झाली की पदकं वाढतात, हा आपला जुना अनुभव आहे. प्रश्न पुढचा आहे. पाहुणे गेल्यावर, मांडव उतरल्यावर, खेळाडूंच्या हाती काय राहतं?

त्यासाठी जरा मागे जाऊ. पार १९५१ ला.

त्या वर्षी ४ ते ११ मार्च या आठ दिवसांत दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंही झाली नव्हती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, धान्य रेशनवर मिळत होतं. अशा वेळी ११ देशांचे ४८९ खेळाडू दिल्लीत जमले. ही कल्पना प्रामुख्याने गुरुदत्त सोंधी यांची, आणि ती प्रत्यक्षात उतरवायला अँथनी डिमेलो यांच्यासारखे संघटक झटले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी उद्घाटन केलं. नवं स्टेडियम बांधलं नाही. १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभं राहिलेलं आयर्विन अँफिथिएटर होतं, तेच नॅशनल स्टेडियम म्हणून वापरलं. आज त्याला मेजर ध्यानचंद यांचं नाव आहे.

आणि यजमान म्हणून आपले खेळाडू कसे खेळले? जबरदस्त खेळले. १५ सुवर्ण, १६ रौप्य, २० कांस्य, एकूण ५१ पदकं. जपानच्या खालोखाल दुसरा नंबर.

यातली काही नावं आज किती जणांना माहीत असतील, शंकाच आहे. म्हणून मुद्दाम लिहितो.

मुंबईचा लेव्ही पिंटो १०० मीटर आणि २०० मीटर, दोन्ही जिंकला. आशियाई स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा तो आजवरचा एकमेव भारतीय आहे. कलकत्त्याचा सचिन नाग १०० मीटर फ्रीस्टाइल पोहून सुवर्ण घेऊन गेला. त्याच स्पर्धेत सिंगापूरच्या नियो च्वी कोकने चार सुवर्णं जिंकली, पण १०० मीटरमध्ये पहिला हात भिंतीला लागला तो नागचा. याच नागच्या पायाला १९४७ च्या दंगलीत गोळी लागली होती. आशियाई स्पर्धांत जलतरणाच्या शर्यतीतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण, आणि २०२३ च्या हांगझोऊपर्यंत शेवटचंही तेच. के. पी. ठक्कर यांनी डायव्हिंगच्या दोन्ही प्रकारांत सुवर्ण जिंकलं. वॉटरपोलोत आपण जिंकलो. शैलेन मन्नाच्या फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवलं, गोल मेवालालचा. छोटा सिंग मॅरेथॉन जिंकला, निक्का सिंग १५०० मीटर.

मुलींना तेव्हा फक्त अ‍ॅथलेटिक्सचं दार उघडं होतं. तिथे जपानच्या मुलींपुढे कुणाचा टिकाव लागला नाही. तरी मुंबईच्या रोशन मिस्त्रीने १०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं, मेरी डिसूझाने २०० मीटरमध्ये कांस्य, आणि रिले संघाने रौप्य. कपाटातल्या रेकॉर्डमध्ये राहून गेलेली ही नावं आहेत. शाळेच्या पुस्तकात ती असायला हवी होती.

आणखी एक गोष्ट. यजमान असूनही या स्पर्धेत हॉकी नव्हती आणि कुस्तीही नव्हती. तेव्हा आपण हॉकीत ऑलिम्पिक विजेते होतो, आणि कोल्हापूरच्या तालमींत खाशाबा जाधवांसारखा मल्ल तयार होत होता. म्हणजे आपल्या हक्काचे दोन खेळ बाहेर ठेवूनही ५१ पदकं!

आता कुणी म्हणेल, पाकिस्तान आला नव्हता, चीन नव्हता, कोरियात युद्ध चालू होतं, मग स्पर्धा होतीच कुठे? बरोबर आहे. ते मान्य करूनच बोलायला हवं. पण समोर जो येतो त्याच्याशीच खेळाडू खेळतो. तो त्याचा दोष नाही.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

दिल्लीचे आठ दिवस संपले. पुढच्याच वर्षी, १९५२ ला, हेलसिंकीचं ऑलिम्पिक. ज्या मेरी डिसूझाने घरच्या मैदानावर देशाला दोन पदकं दिली, तिला हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते. मुंबईतल्या ओळखीपाळखीच्या लोकांनी कार्यक्रम करून पैसे जमवले, तेव्हा ती गेली. खाशाबांची गोष्ट तर महाराष्ट्रात घराघरात सांगितली जाते. गावोगाव वर्गणी झाली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गोळेश्वरच्या पैलवानाने त्या पैशाचं सोनं केलं : स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यानंतर. सचिन नागला ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० साली. तोही मरणोत्तर, सुवर्णाला ६९ वर्षं झाल्यावर.

खर्डेकर सरांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, डोळ्यात पाणी आणून ऐकतो. ऐकायलाच हवी. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती फार कुणी बोलत नाही. वर्षभरापूर्वी जो देश ११ देशांचा यजमान होता, त्याच देशातल्या मास्तराला खेळाडूसाठी घर गहाण टाकावं लागलं. पाहुण्यांसाठी आपण पंगत वाढली आणि घरचं पोर उपाशी राहिलं. ही काही मिरवण्याची गोष्ट नाही.

बरं, ही फक्त त्या गरीब काळातली अडचण होती का? आकडे बघा.

१९५१ ला १५ सुवर्ण. तीनच वर्षांनी मनिलाला सुवर्णांचा आकडा एक अंकी झाला. १९८२ ला पुन्हा दिल्ली, पुन्हा घरचं मैदान : १३ सुवर्ण, एकूण ५७ पदकं. चार वर्षांनी सोल : ५ सुवर्ण, एकूण ३७. त्या पाचातली चार एकट्या पी. टी. उषाच्या नावावर, त्यात एक रिलेचं. १९९० ला बीजिंग : सुवर्ण फक्त एक, तेही कबड्डीने लाज राखली म्हणून. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल : १०१ पदकं, ३८ सुवर्ण. पुढच्या वेळी ग्लासगोला ६४ पदकं, १५ सुवर्ण. ग्लासगोत तिरंदाजीसारखे आपले काही खेळ नव्हते हे खरं, पण सगळी घसरण त्याने भरून निघत नाही.

म्हणजे प्रत्येक वेळी तेच. स्पर्धा घरी आली की शिबिरं लागतात, परदेशी प्रशिक्षक येतात, सगळ्या खेळांत संघ उतरतात, खुराक मिळतो, प्रेक्षक आपले असतात. पदकं येतात. समारोप झाला की शिबिरं गुंडाळली जातात, प्रशिक्षकांचे करार संपतात, आणि खेळाडू पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी. लग्नाच्या घराला रंग द्यावा आणि पुढच्या लग्नापर्यंत छप्पर गळत ठेवावं, तसं चाललंय आपलं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. १९५१ च्या १५ सुवर्णांची बरोबरी करायला आपल्याला किती वर्षं लागली? ६७. जकार्ता, २०१८. आणि तिथे आपण यजमान नव्हतो! पुढे हांगझोऊला २८ सुवर्ण, १०७ पदकं. तिथेही नव्हतो. घरचं मैदान नसताना ही झेप कशी आली? कारण त्याआधीच्या काही वर्षांत निवडक खेळाडूंना दरमहा पैसे, प्रशिक्षक, परदेशी सराव सलग मिळायला लागला. सैन्यदल आणि रेल्वे यांनी नोकऱ्या दिल्या. गावोगाव कुणीतरी वेडा प्रशिक्षक तळ ठोकून बसला.

आपल्याच राज्यातली उदाहरणं घ्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेला जायला रोज सहा किलोमीटर तंगडतोड करणारा मुलगा, सैन्यात गेला, तिथे त्याच्यातला धावपटू कुणीतरी हेरला, हांगझोऊला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण. नागपूरचा ओजस देवतळे साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे राहून तिरंदाजी शिकला, हांगझोऊला तीन सुवर्णं. साताऱ्याचीच आदिती स्वामी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, रेल्वेत नोकरी, पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि ते आलं तेव्हा त्यामागे कुठली उद्घाटनाची आतषबाजी नव्हती. सातत्याने मिळालेला सराव होता.

म्हणून माझं मत सरळ आहे. स्पर्धा भरवायला माझा विरोध नाही. १९५१ ला ज्या हिमतीने त्या माणसांनी स्पर्धा भरवली तिला सलामच. पण यजमानपद म्हणजे क्रीडाविकास, ही जी सांगड घातली जाते ती आपल्याच इतिहासाने तीनदा खोटी ठरवली आहे. चौथ्यांदा तरी आधी हिशोब विचारू.

तुम्ही म्हणाल अहमदाबादचा हिशोब आपण इथे बसून काय विचारणार? खरंय. पण आपल्या तालुक्याचा विचारू शकतो ना.

मी शाळेत वीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. आमच्याही तालुक्याला क्रीडा संकुल आहे. कोनशिला आहे, कमान आहे. गेटला कुलूप आहे, ते सकाळी सातनंतर उघडतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पहाटे साडेचारला उठतात, कारण त्यांना नंतर कामावर किंवा कॉलेजला जायचं असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. ती पळतात कुठे? राज्य मार्गाच्या कडेने, अंधारात, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना चुकवत. धावपट्टी कुलपात आणि धावणारी पोरं रस्त्यावर! पोहण्याच्या तलावात मी पाणी पाहिलं त्याला सहा उन्हाळे झाले. हॉल मात्र लग्नसराईत बरोबर वेळेवर उघडतो. अधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, "सर, चौकीदाराचं पद मंजूर नाही." एका चौकीदाराच्या पगारावाचून काही कोटींची इमारत बंद. सचिन नागनंतर दुसरं सुवर्ण का आलं नाही, याचं उत्तर शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. त्या कोरड्या तलावात उतरून बघा. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० ला आशियाई स्पर्धेत पोहण्याचं कांस्य आणलं, तेव्हा पोहण्यातलं आपलं आधीचं पदक १९८६ चं होतं. चोवीस वर्षांत एक पदक, आणि तलाव तालुक्या-तालुक्यात बांधून कोरडे.

तर प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात एवढं करा. तहसीलला किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात साधा अर्ज द्या. वाटल्यास माहितीच्या अधिकारात द्या. फक्त पाच गोष्टी विचारा :

१) संकुल रोज किती वाजता उघडतं आणि किल्ली कुणाकडे असते?
२) नेमलेला क्रीडा मार्गदर्शक आहे का? कोणत्या खेळाचा?
३) गेल्या तीन वर्षांत देखभालीवर किती खर्च झाला आणि बांधकामावर किती?
४) किती दिवस खेळासाठी वापर झाला आणि किती दिवस लग्न-सभांसाठी?
५) रोज सरावाला येणाऱ्या मुलामुलींची नोंदवही आहे का? मुली किती?

कुणावर चिखलफेक करायची नाही, पक्ष काढायचा नाही. सगळ्या पक्षांच्या काळात कुलूप तेच आहे. फक्त उत्तर मागायचं, लेखी.

२०३० ला अहमदाबादमध्ये आपला झेंडा वर चढेल तेव्हा मीही टाळ्या वाजवणार आहे, टीव्हीसमोर उभा राहून. पण माझ्या लेखी खरी परीक्षा २०३४ ची. परक्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांसमोर आपल्या तालुक्यातली पोरगी धावेल तेव्हा तिच्यासाठी कुणाला घर गहाण टाकावं लागलं नाही, एवढं झालं तरी यजमानपद पावलं म्हणायचं.

तुमच्या तालुक्याच्या संकुलाचं गेट किती वाजता उघडतं? खाली लिहा. फोटो असेल तर टाका. यादी करू आणि एकत्रच पाठवू.