गुरांना नुसता ऊस नको



आमच्या घरी तांबू नावाची गाय आहे. आपल्या वरसे गावात भात पिकते, म्हणून आपली गुरे पेंढा खातात. गेल्या वर्षी आम्ही अर्धा पेंढा विकला. उरलेला चैत्रातच संपला. मग बाबा रोह्याच्या रसवंतीवरून रोज पोते भरून उसाची चिपाडे आणू लागले. आजी म्हणाली, "फुकटचं आहे, गोड आहे, खाऊ दे." तांबू आवडीने खायची. पण महिन्याभरात तिची हाडे दिसू लागली. दूध निम्म्यावर आले. मला फार वाईट वाटले.

मे महिन्यात मामा आले. ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहतात. तिकडे २०१२-१३ साली मोठा दुष्काळ पडला होता. म्हसवडला गुरांची छावणी होती. मामा आपली गुरे घेऊन तिथेच राहिले होते. चारा नव्हता तेव्हा गुरांना ऊस घालायचे. मामा म्हणाले, "उसानं आमची जनावरं वाचली, नाहीतर बाजार दाखवावा लागला असता. पण नुसत्या उसावर जनावर जगतं, दूध देत नाही."

असे का, ते गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. उसात साखर पुष्कळ असते, पण प्रथिने फार थोडी. गाय रवंथ करते. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते चारा पचवतात. त्यांनाही प्रथिने लागतात. उसाच्या हिरव्या शेंड्यांना वाढे म्हणतात. वाढ्यात ऑक्झलेट असते. ते कॅल्शियम धरून ठेवते, मग ते गाईच्या अंगी लागत नाही. म्हणून शेतकरी वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात. चिपाडातला तर रसही आपण पिऊन टाकलेला असतो!

आपल्याकडे भात कापल्यावर वाल पेरतात. वाल झोडल्यावर पाला आणि टरफले उरतात. त्या भुशात पेंढ्यापेक्षा जास्त प्रथिने असतात. आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात ते पडूनच होते! आम्ही ते तांबूला घालू लागलो. डॉक्टरांनी क्षारांची पूडही दिली. हळूहळू तिचे दूध वाढले.

कोणी म्हणेल, गाय आवडीने खाते तर खाऊ दे ना! पण मलाही गूळ आवडतो. आई मला रोज नुसता गूळ देते का? भाकरी, डाळ, भाजी देतेच ना!

माझे मत असे आहे की, अडचणीत गुरांना ऊस जरूर द्यावा. उपाशी ठेवू नये. पण त्याच्याबरोबर वालाचे भूस, हिरवा पाला द्यावा. आणि पालकहो, गुरांपुरता पेंढा ठेवून मगच उरलेला विका. मुकी जनावरे मागत नाहीत. त्यांचे आपणच बघायचे.

तुम्हाला पटते का, मला सांगा.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी