वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो!

हैदराबादेत नामपल्ली स्टेशनवर उतरून आतल्या गल्ल्यांतून हिंडले, की दारावरूनच घरच्या माणसांची भाषा आणि धर्म ओळखू येतो. तेलुगू घराच्या दारावर कोहळा टांगलेला असतो आणि ‘गडपा’ला, म्हणजे उंबरठ्याला, हळद फासून कुंकवाची बोटे ओढलेली असतात. मुस्लिम घराच्या दर्शनी भागावर ‘७८६’ किंवा ‘माशाअल्ला’ लिहिलेले असते. मराठी घराला आंब्याच्या पानांचे तोरण असते आणि चौकटीवर गणपती. कुतुबशाहीतील नेकनाम खानाच्या जहागिरीवरून या वस्तीला नामपल्ली नाव पडले, असे सांगतात. १९०७ साली येथे रेल्वे स्टेशन झाले. नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे शिक्षण, नोकरी आणि कोर्टकचेऱ्यांसाठी आपली माणसे हैदराबादला गेली व त्यांतली कितीतरी तिथलीच झाली. दारे वेगवेगळी, पण मागणे एकच: या घराला कुणाची नजर न लागो!

आपल्याकडे घर बांधणे हे नुसते दगडविटांचे काम कधीच नव्हते. जमिनीत कुदळ मारायची म्हणजे आधी तिची क्षमा मागायची. म्हणून भूमिपूजन. मग चौकट बसवताना पूजा, आणि शेवटी वास्तुशांत. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. तो घरात बोललेल्या प्रत्येक शब्दाला ‘तथास्तु’ म्हणतो, असे आजी-आजोबा सांगत. म्हणून घरात अभद्र बोलायचे नाही. ज्या जमिनीवर आपण राहायला आलो, तिच्यावर आपल्या आधी कुणीतरी नांदत होते, ही जाणीव या सगळ्यामागे आहे.

वाचकहो, ही जाणीव केवळ आपलीच नाही. थायलंडमध्ये पारंपरिक घर सागवानाचे, उंच खांबांवर उभे असते. त्याचा पहिला खांब मुहूर्तावर उभारतात आणि त्याला केळीची व उसाची रोपे बांधतात. आपल्या लग्नमांडवाची आठवण व्हावी असाच हा थाट! जिन्याच्या पायऱ्या विषम संख्येच्या ठेवतात. अंगणात एका खांबावर जागेच्या राखणदाराचे चिमुकले देऊळ असते. त्याला ‘सान फ्रा फूम’ म्हणतात. घराची सावली त्या देवळावर पडू नये, हा दंडक. आधी त्याचे घर, मग आपले!

त्याहून नवल नागाचे. थायी समजुतीप्रमाणे जमिनीखाली नाग पहुडलेला असतो आणि दर तीन महिन्यांनी त्याचे तोंड दिशा बदलते. ते पाहूनच खांबाचा पहिला खड्डा कुठे खणायचा ते ठरते. आता आपले पंचांग उघडा. इ.स. १६०० मध्ये काशीत रामदैवज्ञाने रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त हाच हिशेब आहे. तिथे राहूचे मुख म्हटले आहे, लोक शेषाचे तोंड म्हणतात. सूर्य सिंह, कन्या, तूळ राशींत असताना ते ईशान्येला, पुढे तीन-तीन महिन्यांनी वायव्येला, नैऋत्येला आणि आग्नेयेला. मुखाकडे कुदळ घालायची नाही. बँकॉकमध्ये १७८४ पासून ब्राह्मणांचे देवस्थान आहे, हे लक्षात घेतले म्हणजे समुद्रापारच्या या साम्याचे आश्चर्य वाटत नाही.

पण श्रद्धेची बाजू आणि बांधकामाची बाजू वेगळी ठेवली पाहिजे. थायी घर खांबांवर उभे राहिले ते पुराच्या पाण्यासाठी. त्याचे छप्पर उतरते झाले ते मुसळधार पावसासाठी. मराठवाड्यातले माळवद जाड मातीचे झाले ते उन्हासाठी. ही कारागिराची अक्कल. भूमिपूजन हा माणसाचा नम्रपणा. प्रत्येक रूढीत विज्ञान शोधण्याचा अट्टहास नको, तसेच रूढीने भिंत पक्की होते हा भ्रमही नको.

याची किंमत आपण मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्या घरांच्या पायाभरणीलाही नारळ फुटले होतेच. घात केला तो भिंतींनी. दोन्ही अंगांना दगड, मध्ये भर आणि माती. दोन्ही अंगे बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचा प्रचंड भार. मात्र जिथे लाकडी खांब आणि तुळया एकमेकांत नीट जखडलेल्या होत्या, तिथे भिंती पडूनही छत तगल्याची उदाहरणे अभियंत्यांनी नोंदवली आहेत. जुने सगळेच वाईट नव्हते. जुन्यातले काय जपायचे, ते मात्र कळले पाहिजे.

आज वास्तुशास्त्राच्या नावाखाली उलटेच चालले आहे. मुलाला नोकरी लागत नाही म्हणून स्वयंपाकघर हलवायचे, आजारपण हटत नाही म्हणून भार पेलणारी भिंत फोडून पूर्वेला दार काढायचे. कर्ज काढून बांधलेले घर पुन्हा कर्ज काढून पाडायचे! पूर्वीचे पूजाविधी घरात पाऊल टाकताना धीर देत. हा नवा धंदा राहत्या घराचीच भीती घालतो. आजारी माणसाला औषध हवे आणि त्याच्या उशाशी बसणारे माणूस हवे; दाराची दिशा त्यानंतर पाहता येईल.

तेव्हा घर बांधणाऱ्यांनी तोरण खुशाल बांधावे, वास्तुशांत जरूर करावी. पण भटजींना मुहूर्त विचारताना गवंड्यालाही दोन प्रश्न विचारावेत: भिंतीत आरपार दगड घातलेत का? स्लॅबच्या सळया हिशेबाने टाकल्यात का? पुढे घर उभे राहिल्यावर वाटणीवरून भावाभावांत शब्दाला शब्द लागेल, तेव्हा आग्नेय कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवावी. तो ऐकतो आहे आणि तथास्तु म्हणतो आहे.